पोकर टूर्नामेंट: नशिबाचा खेळ की डोक्याचा?

तापीकाठचा, भुसावळ
दिवाळीत चोपड्याला मामांच्या ओट्यावर चिंचोके लावून पोकर खेळलो, टूर्नामेंटच्या नियमाने, म्हणजे चिंचोके संपले की बाद. माझ्याकडे एक्क्यांची जोडी, मावसभावाकडे राजांची. दोघांनीही सगळे चिंचोके पुढे सारले. अशा लढतीत एक्के 100 पैकी सुमारे 82 वेळा जिंकतात. सगळ्यांसाठी मधे मांडलेल्या पानांतलं शेवटचं पान किलवरचा राजा, त्याचे तीन राजे झाले. मी बाद! थेट पैसे लावून खेळायचा कॅश गेम असता तर पुन्हा चिंचोके घेऊन बसलो असतो. 80 टक्के पारडं आपल्याकडे असूनही पाचदा सगळं लावलं, तर पाचही वेळा तगायची शक्यता जेमतेम तीनात एक. टूर्नामेंट म्हणजे नशीबच.

अमळनेरकर
असं नाही भो. अमेरिकेचा पोकर खेळाडू फिल हेल्म्युथने वर्ल्ड सिरीज या पोकरच्या मोठ्या स्पर्धामालिकेत पहिलं ब्रेसलेट, म्हणजे विजेत्याचं कडं, 1989 मध्ये जिंकलं, सतरावं 2023 मध्ये. नशीब एकाच्या दारी 34 वर्षं मुक्काम ठोकत नाही. टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, वाढत जातात, पुढ्यात दहाच ब्लाइंडपुरते चिंचोके उरतात, एक जण गेला की बाकीचे बक्षिसात. तेव्हा कुणाला दाबायचं, कुठे पानं टाकायची? कॅशमध्ये हा पेचच येत नाही.

तापीकाठचा
हेल्म्युथ किती स्पर्धांत रिकाम्या हाताने उठला, तेही मोजा ना. 2003 मध्ये त्याच वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत ख्रिस मनीमेकर हा अकाउंटंट ऑनलाइन पात्रता फेरीतून आला आणि 839 जणांत पहिला येऊन 25 लाख डॉलर घेऊन गेला. कॅशमध्ये ब्लाइंड तेच राहतात, शंभरेक ब्लाइंड पुढ्यात असतात. फ्लॉपची पहिली तीन सामायिक पानं, टर्नचं चौथं, रिव्हरचं पाचवं, प्रत्येक ठिकाणी विचार करायला जागा मिळते.

केळीबाग, रावेर
कॅशमध्येही चांगला खेळाडू महिनोन्महिने तोट्यात जातो. वादळात बाग आडवी झाली म्हणून शेतकरी अडाणी ठरत नाही, दहा हंगाम बघावे लागतात. टूर्नामेंटमध्ये मोठी रक्कम वरच्या दोनचार जणांनाच जाते, म्हणून तिथे खरं कसब दिसायला फार जास्त डाव लागतात. कसब कमी असतं म्हणून नाही.

अमळनेरकर
तापीकाठचे भाऊ, तुमचा तीनात एकचा हिशोब समोरच्याकडे दरवेळी तुमच्याइतके किंवा जास्त चिंचोके असतील तरच खरा. मावसभावाकडे कमी असते तर तुम्ही हरूनही खेळात राहिला असता. त्याआधीच्या तासाभरात काय खेळलात?

तापीकाठचा
दोनदा घाबरून चांगली जोडी टाकली होती, हे खरं. त्यातले चिंचोके त्यानेच ओढले. पण तो राजा काही माझ्या चुकीने उतरला नाही.