मेंदूच्या आवरणाचा दाह दुसऱ्यांदा झाला. कारण आनुवंशिक असू शकते का?

येरळाकाठ (तासगाव) :
माझ्या भाच्याला शाळेत असताना मेनिन्गोकॉकस जिवाणूमुळे मेंदूच्या आवरणाचा दाह झाला होता आणि मिरजेत वेळेवर उपचार मिळाल्यामुळे तो वाचला. आता कॉलेजात असताना त्याला त्याच जिवाणूने पुन्हा गाठले आहे. एरवी तो तालमीत जाणारा, क्वचितच आजारी पडणारा मुलगा आहे. बहीण मामाच्याच घरात दिलेली असल्यामुळे नातेवाईक आता त्या सोयरिकीवर बोट ठेवत आहेत. संसर्गाच्या आजाराचा रक्ताच्या नात्याशी खरोखर संबंध असतो का, आणि धाकट्या भाचीचे काय करावे?

सूक्ष्मदर्शी (सांगली) :
संबंध असू शकतो. हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या घशात निरुपद्रवीपणे राहतो. आजारी मात्र त्यांतले फार थोडे पडतात, आणि त्या फरकात जनुकांचाही वाटा असतो. डेन्मार्कमधील दत्तक मुलांविषयीचा अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या जन्मदात्या आईवडिलांपैकी कोणी पन्नाशीच्या आत संसर्गाने वारले होते, त्या मुलांचाही संसर्गाने मृत्यू होण्याचा धोका पाचपटीहून अधिक वाढलेला त्यात दिसला. दत्तक आईवडिलांच्या बाबतीत तसे आढळले नाही.

आपल्या रक्तात पूरक प्रथिनांची एक साखळी असते. तिच्यातील सी५ ते सी९ ही शेवटची प्रथिने एकत्र येऊन जिवाणूच्या आवरणाला छिद्र पाडतात. मेनिन्गोकॉकसविरुद्ध शरीराची मुख्य भिस्त यावरच असल्याने, यांपैकी एखादे प्रथिन नसलेला माणूस एरवी धडधाकट असतो, पण हाच आजार त्याला पुन्हा पुन्हा होऊ शकतो. आपण केलेले वर्णन याच्याशी बरेच जुळते. हा दोष दिसण्यासाठी सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही यावे लागते. नात्यातील लग्नात ती शक्यता वाढते, परंतु नाते नसलेल्या जोडप्यांच्या मुलांतही तो आढळतो. त्यामुळे आपल्या बहिणीला बोल लावणे मला अन्यायाचे वाटते. पूरक प्रथिनांपैकीच प्रॉपरडिन या प्रथिनाचा दोष तर एक्स गुणसूत्रावरून, म्हणजे आईकडूनच मुलाला मिळतो. तिथे सोयरिकीचा प्रश्नच येत नाही.

बालरोगतज्ज्ञ (कराड) :
पूरक प्रथिनांची साखळी नीट काम करते का हे पाहणारी सीएच५० ही रक्ततपासणी आधी करावी. प्रॉपरडिनच्या शंकेसाठी साखळीचा दुसरा, पर्यायी मार्ग पाहणारी एएच५० ही वेगळी तपासणी लागते. तीव्र आजारात ही प्रथिने खर्ची पडतात, म्हणून मुलगा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी रक्त द्यावे. नमुना थंड न ठेवता पाठवला तर निष्कर्ष खोटाच कमी येतो, आणि गावातून पुण्या-मुंबईला नमुने जाताना ही चूक नेहमी घडते. डोक्याला पूर्वी मार लागला असेल किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव होत असेल, तर जिवाणूंना आत वाट देणारी कवटीतील फटही तपासावी. मात्र तशा रुग्णांत बहुधा न्यूमोकॉकस हा दुसराच जिवाणू सापडतो.

येरळाकाठ :
भाचीची तपासणी आताच करावी का?

बालरोगतज्ज्ञ (कराड) :
आधी मुलाचा अहवाल येऊ द्या. सी५ ते सी९ पैकी दोष निघाला, तर सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता चारात एक असते, आणि मग तिचीही तपासणी करावीच. घरातील सर्वांना प्रतिबंधक प्रतिजैविक मिळाले आहे ना, हे मात्र आजच डॉक्टरांना विचारा. त्यासाठी अहवालाची वाट पाहू नका. दोष ठरल्यास मेनिन्गोकॉकसच्या ए, सी, वाय आणि डब्ल्यू गटांवरील लस द्यावी लागेल आणि ती ठरावीक काळाने पुन्हा घ्यावी लागेल. लस घेतली तरी धोका पूर्ण टळत नाही, म्हणून ताप आणि अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे डाग दिसले, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे.