गट आधी, चाचणी नंतर
दत्तक गेलेल्या प्रौढ माणसाने आधारगट, म्हणजे सारख्याच अनुभवातून गेलेल्यांचा एकमेकांना धीर देणारा गट, कुठून शोधायला सुरुवात करावी, असा प्रश्न आहे. सगळ्यात आधी गट कोण चालवतंय ते बघा. बरेच गट दत्तक घेणाऱ्या पालकांचे असतात. तिथे 'आईबाबांवर जीव आहे, तरी जन्मदातीची ओढ वाटते' असं लिहिलं की 'उपकार विसरू नकोस' छापाचे सल्ले येतात आणि लिहिणारा कायमचा गप्प होतो. त्यामुळे दत्तक गेलेल्यांनीच चालवलेला गट निवडा. पहिल्या बैठकीत नुसतं ऐकत बसलं तर चालेल का, तेही विचारून घ्या.

रक्ताचे नातेवाईक शोधायला डीएनए चाचणीची घाई नको. चाचणीच्या निकालात कुणाशी साधारण २५ टक्के जुळणी (म्हणजे दोघांच्या डीएनएतला सारखा भाग) दिसली की 'सावत्र भाऊ सापडला' म्हणून लोक लगेच निरोप धाडतात; पण मामा, आत्या, आजोबा यांचीही जुळणी तेवढीच येते. वय बघा, इतर जुळण्यांशी ताडून बघा, मगच लिहा. पहिल्या निरोपात दत्तकाचा उल्लेख टाळा, कारण तो घरातलं दुसरंच कुणी वाचू शकतं. उत्तराला महिनोन्‌महिने लागतात, कधी येतच नाही. तो काळ एकट्याने काढणं फार जड जातं, म्हणून हाताशी गट आधी हवा.

आणि कृपा करून दत्तकाच्या कागदांचे फोटो गटात टाकू नका. त्यावर जन्मदातीचं नाव असू शकतं, आणि तिने ही गोष्ट कदाचित कुणालाच सांगितलेली नसते.