मदत हवी आहे: गाठ नाकामागे, मग रिपोर्टमध्ये थायरॉईड कुठून आला?

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा वेळ काढून वाचा.

वहिनीचं नाक बरेच महिने एका बाजूने चोंदलेलं, शिंकरताना कधीमधी रक्त. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं तर नाकाच्या पडद्याच्या मागच्या कडेला, अगदी छताजवळ, फुलकोबीसारखी गाठ. तुकड्याचा पहिला रिपोर्ट: 'पॅपिलरी कार्सिनोमा (कॅन्सरचा एक प्रकार), थायरॉईडमधून पसरलेला असू शकतो.' आधार एकच, टीटीएफ-१ (गाठ मुळात कुठली ते ओळखायला तपासतात ते पेशींतलं एक प्रथिन) पॉझिटिव्ह. घरात सगळ्यांचं अवसान गळालं. सोनोग्राफीत मात्र थायरॉईड अगदी स्वच्छ!

मग उरलेले मार्कर (गाठीचं मूळ ओळखायच्या अशाच खुणा) करून घेतले. सीके-७ पॉझिटिव्ह; थायरोग्लोब्युलिन, पॅक्स-८ (दोन्ही थायरॉईडच्या गाठीत सहसा दिसणारे) आणि ईबीईआर (एपस्टाईन-बार विषाणूची खूण) निगेटिव्ह. दुसऱ्या डॉक्टरांनी 'लो ग्रेड नेझोफॅरिंजियल पॅपिलरी ॲडेनोकार्सिनोमा' (नाकामागच्या पोकळीतला सौम्य, हळू वाढणारा कॅन्सर) असं नुसतं तोंडी सांगितलं, लिहून द्यायला तयार नाहीत. एक सर्जन म्हणतात दुर्बिणीतून गाठ काढू, दुसरे म्हणतात आधी थायरॉईडचा निकाल लावू. कुणाचं ऐकायचं? ब्लॉक (गाठीचा तुकडा मेणात बसवलेले ठोकळे) बाहेर पाठवायचे तर सोबत काय द्यायचं? आणि रेडिएशन लागतंच का?

प्रतिसाद

मी पॅथॉलॉजीत आहे, पण स्लाइड न बघता निदान सांगणार नाही. तरी थायरॉईड काढायची घाई नको, एवढं नक्की. टीटीएफ-१ थायरॉईड आणि फुप्फुसाच्या गाठीत दिसतो, तसाच दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलेल्या या दुर्मिळ गाठीतही दिसू शकतो. पेशी थायरॉईडसारख्याच दिसतात, कधी सॅमोमा बॉडीजसुद्धा (कॅल्शियमचे बारीक गोल कण) सापडतात, फसायला होतंच. थायरोग्लोब्युलिन आणि पॅक्स-८ दोन्ही निगेटिव्ह म्हटल्यावर थायरॉईडचा संशय बराच मागे पडतो. फुप्फुसासाठी छातीचा सीटी झाला नसेल तर विचारा. ईबीईआर निगेटिव्ह म्हणजे नासाग्रसनीचा (नाकामागच्या पोकळीचा) जो नेहमीचा कॅन्सर, त्याच्याशीही जुळत नाही.

ही दुर्मिळ गाठ त्या पोकळीच्या पृष्ठभागावरच्या अस्तरातूनच उगवते, १९८८ पासून वेगळी ओळखली जाते. नेहमीचं अस्तर गाठीच्या पेशींना सलग जोडलेलं दिसतंय का, हे पाहणाऱ्याला मुद्दाम विचारा. तो धागा सापडला की गाठ तिथलीच, हे म्हणणं पक्कं होतं.

पूर्ण निघाली तर बहुतेकदा शस्त्रक्रिया पुरते, लांब पसरणं फारच विरळा. रेडिएशनचा निर्णय काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आल्यात का, यावर ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत) होऊ दे.

डोके-मान पॅथॉलॉजी रोज बघणाऱ्याकडेच पाठवा. नुसत्या रंगवलेल्या स्लाइड नकोत, पॅराफिन ब्लॉक, एमआरआय आणि एंडोस्कोपीचे फोटोही द्या. आणि मत लेखीच मागा.