मदत हवी आहे: टिपरचा पुढचा टायर फुटला, १४६/१४३ आणि एक्सलच्या वजनाचं गणित कुणी समजावेल का?

नमस्कार मंडळी. आमचा एकच टिपर आहे, दहा टायरचा, २०१६ चा, २५ टन पासिंग (मालासकट गाडीचं मंजूर एकूण वजन).” बाबा गेल्यापासून गाडीचा सगळा व्यवहार मीच बघते. चालवायला आमचे जुने ड्रायव्हरकाका आहेत.

गेल्या गुरुवारी खेड शिवापूरच्या बाजूने क्रश सँड भरून नऱ्ह्याला येताना, नवीन कात्रज बोगदा ओलांडल्यावर नवले पुलाच्या उतारावर पुढचा डावा टायर फुटला. तो उतार कसा आहे ते पुणेकरांना सांगायला नको. काकांनी जोरात ब्रेक मारला नाही, स्टेअरिंग घट्ट धरलं आणि गिअरवर आवरत गाडी कडेला घेतली. कुणाला काही झालं नाही. पण मी तिथे पोहोचले तेव्हा काकांचे हात थरथरत होते. ते मला विसरता येत नाहीये, म्हणून हे नीट समजून घ्यायचंय.

टायर आठ महिन्यांचाच होता, नक्षी भरपूर शिल्लक. फाटलेल्या बाजूतून तारा केसांसारख्या बाहेर आल्या होत्या आणि रबर अजून कोमट लागत होतं. त्यावर १०.०० आर २०, १६ पीआर, १४६/१४३ के असं लिहिलंय.

टायरच्या दुकानात म्हणाले, "ताई, पुढे अकराचे (११.०० मापाचे), जास्त प्लायचे म्हणजे जास्त ताकदीचे टाका, मग दोन टन जास्त भरलं तरी चिंता नाही." मला ते पटलं नाही. पुढच्या खेपेला तोच माल तेवढाच भरून मी काट्यावर आधी पूर्ण गाडीचं वजन घेतलं, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून घेतलं. एकूण २५,३८० किलो, पुढे ६,९४०. म्हणजे मागे १८,४४०.

एकूण वजन पासिंगपेक्षा जेमतेम चारशे किलोने जास्त आहे, मग टायर का फुटावा? आणि १४६/१४३ म्हणजे नक्की काय?

निगडीचा टायरवाला:
ताई, उत्तर तुमच्या काट्याच्या चिठ्ठीतच आहे. १४६ हा भाराचा आकडा. तक्त्यात १४६ म्हणजे एका टायरला ३,००० किलो, १४३ म्हणजे २,७२५. पहिला आकडा टायर एकटा असेल तेव्हाचा, म्हणजे पुढचा. दुसरा जोडीत असेल तेव्हाचा, म्हणजे मागचा. के म्हणजे ताशी ११० किमीपर्यंत. आणि १६ पीआर म्हणजे आत सोळा थर नव्हेत. ती ताकदीची जुनी मोजणी आहे. तारेच्या रेडियलमध्ये मुख्य थर एकच असतो.

आता मांडा. मागे आठ टायर, प्रत्येकावर साधारण २,३०० किलो, म्हणजे आरामात. पुढे दोन टायर, प्रत्येकावर ३,४७०. दर टायरला पावणेपाचशे किलो जास्त! त्यात उतारावर ब्रेक लागला की वजन आणखी पुढे येतं. हवा थोडी जरी कमी असेल तर बाजू वाकत राहते, तापते, आणि तारा एकेक करून तुटतात. नक्षी शिल्लक असली तरी त्याने काही वाचत नाही.

हे ३,००० किलो टायरवर लिहिलेल्या हवेलाच खरे. हवा टायर गार असताना, सकाळी गाडी निघायच्या आधी तपासा. गरम टायरची वाढलेली हवा कधीही सोडू नका.

जुना ट्रान्सपोर्टर:
वरच्यांनी टायरचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. तुमच्या २५ टनांची फोड ६ अधिक १९ अशी आहे. पुढे ६, मागच्या दोन एक्सलवर मिळून १९. दोन टायर गुणिले ३,००० म्हणजे बरोबर ६ टन, कंपनीने टायर त्या हिशोबानेच दिलाय.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने मर्यादा वाढवल्या, मागच्या जोड एक्सलला १९ ऐवजी २१ टन झाले. त्यावरून कुणी तुम्हाला "आता पंचवीसपेक्षा जास्त चालतं" म्हणेल. ऐकू नका, तुमच्या आरसीवर जे आहे तेच तुमचं. ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहेत.

अकराच्या टायरचा नाद सोडा. तो उंचीला मोठा आणि त्याला ८ इंची रिम लागते, दहाच्याला साडेसात. शिवाय टायर बदलला म्हणून एक्सल, स्प्रिंगचे पाटे, ब्रेक बदलत नाहीत. पासिंग टायरने वाढत नाही.

मला विचाराल तर चूक भरण्यात आहे. लोडरवाला ढीग केबिनकडे ओततो ना? आणि पावसाळ्यात ओली सँड ब्रासला नेहमीपेक्षा बरीच जड भरते. मापाने तीन ब्रास, पण काट्यावर वेगळंच.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. लोडरवाला खरंच केबिनला टेकवूनच ओततो, काकांनी आज सांगितलं. असं भरलं की त्यांना स्टेअरिंग जड लागायचं, पण कुणाला बोलले नव्हते.

आज लोडरजवळ मी स्वतः उभी राहिले. ढीग मधोमध आणि थोडा मागे घ्यायला लावला, माल एक टनाने कमी केला. काट्यावर एकूण २४,३१०, पुढे ५,९२०. गिऱ्हाईकाला ब्रासऐवजी टनावर दर सांगितलाय. तो कुरकुरला, पण चिठ्ठी पाहून तयार झाला.

एकच राहिलं. पुढचा उजवा टायरही त्याच दिवशी घेतलेला, तेवढ्याच वजनाखाली आठ महिने पळालाय. बाहेरून ठीक दिसतो. तो मागे जोडीत लावू का?

निगडीचा टायरवाला:
नको. आत तारा तुटल्या असतील तर बाहेरून दिसत नाही. उतरवून आतून टॉर्च मारून बघायला द्या, आणि तोवर तो कुठेच लावू नका. स्टेपनीलाही नाही.

धागाकर्ती:
उद्या सकाळीच उतरवते. काकांना कळवलंय.