मदत हवी आहे : ईआरपी घेऊन तीन वर्षं झाली, तरी जॉबवर्कचा हिशोब अजून फॉक्सप्रोवरच

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी अकरा वर्षं प्लॅनिंग आणि डिस्पॅच बघते. पंप बॉडी, ब्रॅकेट, बेअरिंग हाउसिंग अशी ग्रे आयर्नची कास्टिंग आम्ही ओततो आणि मशीनिंग बाहेर नऊ जॉबवर्करकडून करून घेतो. अडचण या जॉबवर्कच्या हिशोबाची आहे.

आमच्याकडे १९९८ सालचा एक प्रोग्राम आहे, डॉसवरच्या फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला. उद्यमनगरातल्या एका गृहस्थांनी लिहून दिलेला. ते आता हयात नाहीत आणि सोर्सही कुणाकडे नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून दहा कोटींच्या वरच्या उलाढालीला ई-इन्व्हॉइस लागू झालं, तेव्हा मालकांनी ईआरपी, म्हणजे सगळ्या कामकाजाचं एकत्र सॉफ्टवेअर, घेतलं. खरेदी, विक्री, जीएसटी, ई-वे बिल हे सगळं त्यात व्यवस्थित चालतं. पण जॉबवर्करचं बिल पास करायची वेळ आली की सगळे उठून कोपऱ्यातल्या जुन्या मशीनपाशी जातात.

कारण सांगते. समजा माल पाठवायच्या चलनावर २०० नग गेले आणि १८७ ओके आले. उरलेल्या १३ नगांचं काय झालं यावर पैसे ठरतात. मशीनिंग करताना आत ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, निघाला तर ते कास्टिंग रिजेक्शन, म्हणजे सीआर. दोष आमचा, तोवर झालेल्या ऑपरेशनची मजुरी द्यावीच लागते. बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा झाला तर मशीनिंग रिजेक्शन, एमआर. दोष जॉबवर्करचा, मग कास्टिंगची किंमत त्याच्या बिलातून वजा. जुन्या प्रोग्राममध्ये इनवर्ड करताना, म्हणजे परत आलेला माल नोंदताना, नगांपुढे एक आकडी कोड टाकला की मजुरी आणि वजावट खाली लगेच दिसते. ईआरपीत रकाने दोनच, ॲक्सेप्टेड आणि रिजेक्टेड. म्हणून इनवर्डची एंट्री दोनदा होते, शिवाय माझी एक्सेल शीट वेगळी. महिनाअखेरीला तिन्हीकडचे आकडे वेगळे.

स्टॉकचंही तेच. १ तारखेला पंप बॉडी हाताने मोजल्या. कच्चं कास्टिंग ईआरपीत ४१२, जागेवर ६६१. रिजेक्शन यार्डात ईआरपी म्हणतं ३३८, प्रत्यक्षात ८९. तयार माल मात्र बरोबर. हे बघून मालकांचा ईआरपीवरचा उरलासुरला विश्वास गेला.

त्यात गेल्या सोमवारी जुन्या मशीनचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, जळाला. १६ बिटचा प्रोग्राम, ऑफिसातल्या ६४ बिट विंडोजवर उघडतच नाही. दोन दिवस सगळी बिलं अडकली. आमचे काही जॉबवर्कर दोन लेथवर घर चालवणारे आहेत, त्यांच्या कामगारांचा पगार आमच्या चेकवर होतो. त्यातले एक जण मंगळवारी संध्याकाळी ऑफिसबाहेरच्या बाकावर तासभर बसून होते. काही बोलले नाहीत. चहासुद्धा नको म्हणाले. ते मला फार लागलं.

व्हेंडर म्हणतो, रिक्वायरमेंट लिहून द्या, कस्टमायझेशन करू, दिवसाच्या हिशोबानं पैसे पडतील. पण लिहू काय? एकूण कोड नऊ, त्यातल्या १ ते ५ चेच अर्थ आम्हाला पक्के माहीत आहेत. स्टोअरमधले मामा दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, त्यांना सगळं तोंडपाठ होतं.

जुना प्रोग्राम बंद करून हे सगळं ईआरपीत बसवता येईल का? सुरुवात कुठून करू? आणि इतक्या वर्षांचा डेटा नव्यात आणायचा की नाही? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा.

डीबीएफवाला

ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्या मशीनमधला अख्खा फोल्डर दोन पेन ड्राइव्हवर कॉपी करा. डीबीएफ, सीडीएक्स, एफपीटी या फॉक्सप्रोच्या डेटाच्या फाइल, काहीही सुटता कामा नये. यावेळी एसएमपीएस गेला, पुढच्या वेळी हार्ड डिस्क जाईल. मग डॉसबॉक्स किंवा व्हीडॉस (नव्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम चालवणारी सॉफ्टवेअर) नव्या मशीनवर टाकून त्यात प्रोग्राम चालवून बघा, बहुतेक वेळा चालतो. निदान बिलं तरी अडणार नाहीत.

सोर्स नसला तरी घाबरू नका. डीबीएफ फाइल लिब्रे ऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडते. उघडायची ती कॉपीच, मूळ फाइलला हात लावायचा नाही. कोडचं वेगळं टेबल असणार, ते आधी शोधा. एक सावधगिरी : फॉक्सप्रोत डिलीट केलेली ओळ 'पॅक' ही कमांड देऊन फाइल साफ करेपर्यंत फाइलमध्येच राहते, तिच्यावर नुसती खूण लागते. काही साधनांत अशा ओळीही चालू ओळींसारख्या दिसतात. बेरीज जुळली नाही तर आधी हे तपासा.

नवी_पालवी

दोन्ही सोडा आणि ईआरपीनेक्स्ट घ्या. मुंबईच्या फ्रॅपेचं आहे, ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत.

कागलकर

ईआरपीनेक्स्ट चांगलं आहे, आमच्या शेजारच्या युनिटमध्ये आहे. पण आज यांनी तिसरं सॉफ्टवेअर आणलं तरी कोड ६ ते ९ म्हणजे काय हे त्यालाही सांगावंच लागेल.

ताई, तुमचे आकडे परत एकदा बघा. ६६१ वजा ४१२ म्हणजे २४९. ३३८ वजा ८९, तेही २४९. कच्चा माल जेवढा जास्त, रिजेक्शन तेवढंच कमी. चोरी किंवा मोजणीतली चूक असती तर फरक असे जुळले नसते. एखादा व्यवहार रोज चुकीच्या स्टोअरमधून होतोय. रिजेक्शन यार्डातून नग उचलले जातात आणि ईआरपीत ते कच्च्या कास्टिंगमधून गेलेले दिसतात. यार्डातून माल बाहेर नेमका कुठे जातो, हे ट्रॉली ओढणाऱ्या माणसाला विचारा. ऑफिसात याचं उत्तर मिळणार नाही.

मी स्वतः एका फौंड्रीत ईआरपी उभं केलंय, म्हणून सीआर-एमआरबद्दल सांगतो. त्यासाठी प्रोग्राम बदलायची गरज बहुधा पडणार नाही. रिजेक्टेड हा एकच डबा असेल तर त्याची लोकेशन करा : सीआर, एमआर, शिवाय एक 'निर्णय बाकी'. हे तिसरं विसरू नका, भांडणं सगळी तिथेच असतात. प्रत्येक जॉबवर्करच्या नावानं वेगळं लोकेशन उघडा, म्हणजे कुणाकडे किती नग पडून आहेत ते दिसेल. मजुरी आणि वजावट सीआर-एमआरच्या आकड्यांवरून रिपोर्टमध्ये काढता येते. व्हेंडरकडून फक्त तो रिपोर्ट करून घ्या.

किलो आणि नगांचंही आत्ताच बघून घ्या. कास्टिंग ओततो किलोत, पाठवतो नगांत. आयटमचं मूळ एकक एकदा व्यवहार पडले की बऱ्याच ईआरपीत बदलता येत नाही, नवा कोड काढावा लागतो. आम्ही हे उशिरा शिकलो आणि तीनशेवर आयटम परत बनवले.

कर_आणि_चलन

कराच्या बाजूनं थोडं. जॉबवर्कला पाठवलेला माल कलम १४३ प्रमाणे एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर आणि व्याज लागतं. तुमची उलाढाल पाच कोटींच्या वर, म्हणजे जॉबवर्कच्या मालाचं आयटीसी-०४ हे विवरणपत्र दर सहा महिन्यांनी. म्हणून ईआरपीत न्यायचा डेटा म्हणजे उघडी चलनं, चलन नंबर, तारीख आणि बाकी नगांसकट. ती मार्चअखेरच्या प्रत्यक्ष मोजणीशी जुळवा आणि १ एप्रिलला ओपनिंग, म्हणजे सुरुवातीची शिल्लक, म्हणून घाला.

जुना इतिहास नव्यात ओतू नका, पण पुसूही नका. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. कंपनी असेल तर कंपनी कायद्यानं ८ वर्षं. तोवर जुना प्रोग्राम फक्त बघण्यापुरता ठेवा.

आणि एक महिना दोन्हीकडे एंट्री चालू ठेवून जॉबवर्करची बिलं दोन्हीकडून काढा. रुपया न् रुपया जुळला, तरच जुनी एंट्री थांबवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस याच्याच मागे होते.

फोल्डरची कॉपी झाली, प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये चालतोय. प्रिंट अजून नीट येत नाही, पण बिलं निघाली. बाकावर बसलेल्या त्या काकांचा चेक मी स्वतः नेऊन दिला.

कोडचं टेबल उघडलं. ६, ८ आणि ९ वाचून कळले. ७ समोर इंग्रजी तीनच अक्षरं होती, आयएमपी. इम्पॉर्टंट असावं असं आम्ही इतकी वर्षं धरून चाललो होतो. कागलकरांनी सांगितल्याप्रमाणे ट्रॉलीवाल्या पोराला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, लीकवाल्या बॉड्या मी यार्डातनं उचलतो की, त्या टेम्पोत जातात." लगेच मामांना फोन लावला. आयएमपी म्हणजे इम्प्रेग्नेशन, कास्टिंगमधली बारीक छिद्रं सीलंटनं बुजवायची प्रक्रिया.

लीक टेस्टला फेल झालेल्या पंप बॉडी रिजेक्शन यार्डात जातात, तिथून इम्प्रेग्नेशनला, आणि पास होऊन तयार मालात येतात. मामा ७ टाकायचे तेव्हा जुना प्रोग्राम तो नग रिजेक्शनमधून काढून परत प्रोसेसमध्ये घ्यायचा. ते गेल्यापासून ७ कुणी टाकलाच नाही. ईआरपीत इम्प्रेग्नेशनचं चलन करताना स्टोअरचा रकाना आपोआप 'कच्चं कास्टिंग' येतो आणि मुलगा तसाच सेव्ह करतो. पंप बॉडीची इम्प्रेग्नेशनची सगळी चलनं काढून बेरीज केली. २४९.

तो कागद मालकांसमोर ठेवला. त्यांनी दोनदा बेरीज करून बघितली आणि व्हेंडरला सोमवारी बोलवायला सांगितलं. तोवर मला रिक्वायरमेंट लिहून तयार ठेवायचीय. सीआर, एमआर, निर्णय बाकी आणि लीक अशी चार लोकेशन धरली आहेत. इम्प्रेग्नेशनच्या चलनाला स्टोअर 'लीक'च येईल, बदलता येणार नाही, असं मागणार आहे.

एकाच ठिकाणी अडलेय. लीक निघालेल्या बॉडीचं मशीनिंग झालेलं असतं, म्हणजे तिच्यात मजुरी पडलेली असते. तिला कच्च्या कास्टिंगचाच आयटम कोड ठेवला तर किंमत कमी दिसते, तयार मालाचा दिला तर डिस्पॅचवाले चुकून तीच उचलतील. कागलकर, तुम्ही मधला वेगळा कोड काढला होता का? काढला असेल तर इम्प्रेग्नेशनचा खर्च त्यात कसा घेतलात?