सह्यांचा संग्रह: चेंडू, फोटो, कार्ड की बॅट?

एक_कपाट_तीन_फळ्या
बेसबॉलपटूंच्या सह्या जमवायला सुरुवात करायची आहे. वर्षाला साधारण ६०० डॉलर खर्चायची तयारी आहे. जागा म्हणाल तर एक काचेचं कपाट, त्याला तीन फळ्या. चेंडू, ८ बाय १० इंची फोटो, खेळाडूंची छापील कार्डं, बॅट, जर्सी असं सगळ्यातलं थोडं थोडं घ्यावं की एकच प्रकार धरावा? हॉल ऑफ फेमचे (बेसबॉलच्या सन्मान-संग्रहालयात निवडलेले) खेळाडू हवेत, जमलं तर दिवंगतही. आणि अख्ख्या संघाच्या सह्या असलेला चेंडू फायद्यात पडतो का?

१०८_टाके
एकच प्रकार धरा, आणि तो चेंडू. दिसतो छान, पण त्याहून मोठी सोय म्हणजे चेंडूचं वय चेंडूवरच छापलेलं असतं. १९९९ पर्यंत अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग, म्हणजे मेजर लीगच्या दोन शाखा, यांचे चेंडू वेगळे असायचे आणि त्यांवर त्या त्या लीगच्या अध्यक्षांची छापील सही असायची. २००० पासून दोन्हींकडे एकच चेंडू, त्यावर कमिशनरचं, म्हणजे अख्ख्या मेजर लीगच्या प्रमुखाचं नाव: आधी बड सेलिग, २०१५ पासून रॉब मॅनफ्रेड.

आता जुन्या दिग्गजांची गंमत बघा. मिकी मँटल गेला ऑगस्ट १९९५ मध्ये, जो डिमॅजिओ मार्च १९९९ मध्ये. सेलिगच्या नावाच्या नेहमीच्या लीग चेंडूवर यांच्यापैकी कुणाची सही दिसली, तर सोबतचं प्रमाणपत्र वाचत बसू नका. रॉबर्टो क्लेमेंटे ३१ डिसेंबर १९७२ ला विमान अपघातात गेला, आणि रॉलिंग्ज ही कंपनी मेजर लीगला चेंडू पुरवू लागली १९७७ पासून. म्हणजे रॉलिंग्जच्या अधिकृत नॅशनल लीग चेंडूवर क्लेमेंटे असूच शकत नाही.

मात्र ही चाळणी फक्त नापास करायला उपयोगी. चेंडू त्या काळचा निघाला म्हणून सही खरी ठरत नाही, कारण जुने कोरे चेंडूही विकत मिळतात आणि खोट्या सह्या करणारे नेमके तेच शोधतात.

सही हवी 'स्वीट स्पॉट'वर, म्हणजे दोन शिवणी सगळ्यात जवळ येतात त्या कोऱ्या पट्टीवर. तीच सही बाजूच्या रुंद भागात असली की भाव लक्षणीय उतरतो.

झेरॉक्स_नको
वरच्याशी सहमत. संघाच्या चेंडूबद्दल मात्र सावध राहा. वीस-पंचवीस सह्या एका चेंडूवर म्हणजे फायदा, असं वाटतं खरं. पण ड्रेसिंग रूममध्ये पेटीभर चेंडू ठेवलेले असायचे आणि मोठ्या खेळाडूंच्या वतीने बॅटबॉय (बॅटी सांभाळणारा पोऱ्या) किंवा कर्मचारीच सह्या ठोकून द्यायचे. अशा चेंडूवर बाकीचे सगळे खरे आणि नेमका ज्याच्यासाठी पैसे मोजले तोच खोटा, असं होतं. भिंग घेऊन आधी त्या एका नावाकडे बघा. शेजारच्या नावाशी अक्षराचा कल आणि शाई तंतोतंत जुळत असेल, रेघेत कुठेच जाड-बारीक होत नसेल, तर सोडून द्या. पहिल्या वर्षी संघाचा चेंडू घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

निळी_शाई
पेनाचं कुणी बोललं नाही. चेंडूवर साधं निळं बॉलपॉइंटच हवं. शार्पीसारख्या मार्करची शाई कातड्यात पसरते. आज रेघ स्वच्छ दिसते, पण काही वर्षांनी कडा फुगतात आणि भोवती जांभळट वलय येतं. फोटोचं उलटं आहे: तिथे मार्करच, कारण बॉलपॉइंट चकचकीत कागदावर खड्डा पाडतो पण शाई धड सोडत नाही. सही फोटोच्या फिकट भागात घ्या. काळ्या टोपीवर निळी सही दोन फुटांवरून दिसत नाही. चकचकीत कार्डावर शाईचे बुडबुडे येतात, म्हणून सहीआधी त्यावर किंचित बेबी पावडर चोळून मऊ कापडाने पुसून घ्यायची. तयार सहीची कार्डं घेताना सही थेट कार्डावर आहे की चिकटवलेल्या स्टिकरवर, ते बघा. स्टिकरवाली मला तरी दुय्यम वाटतात.

कपाटातला दिवा काढून टाका. बॉलपॉइंटची शाई उजेडानेच उडते. अतिनील किरण अडवणारी चौकोनी डबी तो वेग कमी करते, थांबवत नाही. चेंडू शिवणीला धरून उचला. बोटाचं तेल कातड्यात मुरलं की कालांतराने तपकिरी डाग उमटतो. आणि टिकावा म्हणून वर लाख किंवा वॉर्निश? अजिबात नको. पूर्वी लोक लावायचे, ते चेंडू आज मधासारखे पिवळे पडलेत.

एक_कपाट_तीन_फळ्या
बॅट-जर्सी रद्द, तशीही जागा नाही. दिवंगतांचं काय? आणि प्रमाणपत्र कुणाचं मानायचं?

१०८_टाके
बेब रूथचा चेंडू या बजेटमध्ये विसरा. जुन्यांसाठी कागद बघा. त्यात वटलेला चेक सगळ्यात भरवशाचा, कारण तारीख, रक्कम, बँकेचा शिक्का सगळं एकाच कागदावर असतं. जुना दिग्गज टाय कॉब याचे चेक बाजारात येतात, त्यांवर बरेचदा हिरवी शाई असते. नुसता कापलेला सहीचा तुकडा टाळा, कारण जुन्या पुस्तकातलं कोरं पान फाडून तो सहज बनवता येतो.

कूपर्सटाउनची, म्हणजे हॉल ऑफ फेमची, निवडलेल्या खेळाडूच्या सन्मानफलकाचं चित्र असलेली पिवळी पोस्टकार्डं स्वस्त, चपटी आणि फळीवर मावणारी. पण ती १९६४ पासूनची आहेत आणि कॉब १९६१ ला गेला, त्यामुळे पिवळ्या कार्डावर कॉबची सही असू शकत नाही. क्लेमेंटेची निवडच मृत्यूनंतर, १९७३ ला झाली, त्यामुळे त्याच्या सहीचं असं कार्ड कुठल्याच रंगात नाही.

झेरॉक्स_नको
विक्रेत्याने स्वतः छापलेलं प्रमाणपत्र म्हणजे रद्दी. नव्वदच्या दशकात एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये खोट्या सह्यांची टोळी पकडली, तेव्हा मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा निघाले होते! पीएसए, जेएसए, बेकेट या स्वतंत्र कंपन्या सही तपासून मत देतात. मेजर लीगचा होलोग्राम स्टिकर २००१ पासूनचा. त्यात सही होताना तपासणारा माणूस समोर हजर असतो, म्हणून हयात खेळाडूंसाठी तोच बघा आणि त्यावरचा क्रमांक लीगच्या संकेतस्थळावर टाकून वस्तूचं वर्णन जुळवा, कारण स्टिकर दुसऱ्या चेंडूवर लावलेलाही सापडतो. तपासणीची फी आधी विचारा. किरकोळ सहीला ती सहीपेक्षा महाग पडते.