मुंबईत दोनच दिवस आहेत, म्युझियममध्ये स्केचिंग कशापासून सुरू करू?

सांगलीची_रेघ: मी सांगलीत चित्रकलेचा फाउंडेशन कोर्स करतेय. सुट्टीत परळला मावशीकडे येणार आहे, त्यातले दोन दिवस मोकळे मिळतील. कॉलेजात प्लास्टरचे चेहरे आणि घडे-बाटल्या काढून झाल्या, पण दगडी मूर्तीसमोर बसून कधीच काढलं नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एवढं काही आहे, नेमकं कशापुढे बसू? आणि मागे लोक उभे राहिले की माझा हात आखडतो.

चित्रकला_सर: पहिला दिवस शिल्पांनाच दे. लघुचित्रं डोळे भरून बघ, काढायला मात्र शिल्पच घे. कर्नाटकातल्या ऐहोळेचा ब्रह्मा शोध. सातव्या शतकातला हा दगड मुळात मंदिराच्या छतात होता, माणसं मान वर करून तो बघायची. म्हणून एकदा उभं राहून काढ आणि एकदा खाली जमिनीवर बसून. खालून मांड्या पुढे येतात, चेहरा लहान होतो. हे फोटोवरून कधीच कळत नाही गं.

मुकुटापासून सुरुवात करू नकोस. वर्षानुवर्षं मुलांना नक्षीत अडकताना बघितलंय आणि दर वेळी जीव हळहळतो. डोक्यापासून बेंबीतून पायापर्यंत जाणारी रेघ आधी धर, अंगाचा भार कुठे पडलाय ते बघ. दागिने उरलेल्या वेळात.

नंतर मीरपूर खासच्या भाजक्या मातीच्या मूर्ती. सिंधमधल्या स्तूपाच्या आहेत. हातात कमळ घेतलेला भक्त आहे, त्याचे केस जवळून बघ. दगडात छिन्नीने काढत जातात, मातीत थर चढवत जातात, त्यामुळे कडा मऊ येतात. तिथे ४बी पेन्सिल, टोक बोथट केलेली.

भायखळेकर_मीनल: गर्दीवर उपाय सोपा आहे, भिंतीला पाठ लावून बस. मागे कोणी उभंच राहू शकत नाही. सकाळी दार उघडताच आत शिर आणि स्केचिंग करणार आहेस हे काउंटरवरच सांग. कोळसा नेऊ नकोस, पूड उडते.

दुसऱ्या दिवशी भायखळ्याला ये, परळहून जवळच आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, त्यात तुटला, पुढे तुकडे जोडून उभा केला. ते सांधे काढायला मला फार आवडतात, उघड्यावर असल्याने सावलीही सरकत राहते. शेजारीच राणीची बाग, म्हणजे जिवंत प्राणीही काढता येतील. फक्त बुधवार टाळ, दोन्ही बंद असतात.

सांगलीची_रेघ: सर, मीनलताई, खूप आभार! कागद कोणता आणू? माझ्याकडे ए-५ची स्पायरल वही आहे.

चित्रकला_सर: ती लोकलमधल्या माणसांसाठी ठेव. मूर्तीसाठी ए-३ कार्ट्रिज, म्हणजे ड्रॉइंगचा जाड कागद, पुठ्ठ्याला दोन चिमटे लावून. मोठ्या कागदावर हात खांद्यातून फिरतो. आणि प्रत्येक कागदाच्या मागे पाटीवरचं नाव, गाव, शतक तिथल्या तिथे लिही. काढून झाल्यावर इथे टाक, मी बघतो.